तुटक रेघेवरची बस

माझी लेक उद्या सही करील की नाही, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. सही केली तर तिची झोप जाईल, नाही केली तर खुर्ची. आईला दोन्हींची काळजी असते. त्यात हल्ली रविवारी आमच्याकडे आली की ती मुकाट्याने जेवते. जी मुलगी घास तोंडात असताना बापाशी वाद घालायची, ती खाली मान घालून पोळी संपवायला लागली की मी उगाच पुन्हा पुन्हा भाजी वाढत राहते.

ती शहराच्या नगररचना कार्यालयात आहे. शहर कुठे आणि किती वाढावं हे माझी मुलगी ठरवते, असं मी नातेवाइकांना सांगते. प्रत्यक्षात ती नकाशे रंगवते. घरं होतील तिथे पिवळा, दुकानं होतील तिथे निळा, बागा होतील तिथे हिरवा. हिरव्याची फारशी गरज पडत नाही.

हे वेड तिला लहानपणापासूनचं. रिकाम्या काड्यापेट्या मांडून ती फरशीवर शहर वसवायची, आणि हातात फूटपट्टी घेऊन मापं काढत फिरायची. म्हणून तिचे बाबा तिला 'पट्टी' म्हणतात, अजूनही. ते कामावरून आले की त्यांना पाय टाकायला जागा नसे. बूट हातात धरून दारातच उभे राहायचे. "थांबा बाबा, तुमचा रस्ता राहिलाय," म्हणून ती चार घरं उचलायची आणि बापाला पलंगापर्यंत वाट करून द्यायची. पुढे तिने याच विषयाचं मोठं शिक्षण घेतलं, आणि आधी घरं मांडून टाकायची, रस्त्याचं मागाहून बघायचं, हे तिथे पक्कं झालं. फरक एवढाच की कागदावरची घरं परत उचलता येत नाहीत.

त्यांच्या कार्यालयाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. जमीन, म्हणजे माझ्या लेकीचा विभाग, तिसऱ्या मजल्यावर, वाहतूक चौथ्या मजल्यावर. मध्ये एक जिना आहे, पण तो कोणी वापरत नाही, कारण कामाचं बोलणं फायलीतूनच व्हावं असा तिथला शिरस्ता आहे. तिसऱ्या मजल्याला चौथ्याला काही विचारायचं असेल तर फाइल आधी तळमजल्यावर आवक-जावकला जाते, शिक्का घेते, दमलेली असेल तर थोडी विश्रांती घेते आणि मग लिफ्टने वर चढते. उत्तर त्याच वाटेने खाली येतं. तोवर प्रश्न विचारणारा बहुधा बदलून गेलेला असतो.

धोरणही तसंच सुरेख. तिसरा मजला म्हणतो, बस जाणार असेल तिथेच आम्ही घरांना परवानगी देऊ. चौथा म्हणतो, घरं असतील तिथेच आम्ही बस देऊ. दोघेही इतके सभ्य की पुढे कोणीच होत नाही.

आमच्या वसाहतीच्या बाबतीत मात्र चमत्कार झाला. यांचे डोळे अधू होत चालले तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद करायला सांगितलं. आम्ही तेव्हा शहराच्या मध्यावर दोन खोल्यांत राहत होतो. पट्टीने नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. शहराच्या कडेला पिवळाधमक तुकडा, आणि त्याला लागून एक नाजूक तुटक रेघ. बाजूला लिहिलेलं, नियोजित बसमार्ग. "आई, दारातून बस जाईल," ती म्हणाली. "बाबांना किल्लीला हात लावायला नको, आणि कोणापुढे मिंधं व्हायला नको." पोटची पोर सांगतेय, तीही सरकारी शिक्क्यासह. आम्ही जुनी जागा विकली आणि तुटक रेघेवर राहायला आलो.

बस आली नाही. बसथांबा मात्र आला. वर छप्पर, खाली बाक, मागे काच, काचेमागे वेळापत्रकाची कोरी पाटी. आमच्या वसाहतीतली ती सगळ्यात आरामशीर जागा आहे. निवृत्त मंडळींचा अड्डा तिथेच जमतो. हेही सकाळचा चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. आले की मी विचारते, आली का हो बस? तर म्हणतात, आज नाही, पण उद्याची शक्यता वाढलीय. लग्न करताना मला यांचा आशावादी स्वभाव आवडला होता. त्याचे परिणाम असे दूरवर होतात.

रस्त्याला पदपथ नाही, कारण त्या जागेत बसची मार्गिका व्हायची आहे. मार्गिका नाही, कारण बस नाही. बस का नाही हे चौथ्या मजल्याला विचारावं, तर ते म्हणतात की रस्त्याला अजून पदपथसुद्धा नाही. तोवर त्या रस्त्याने वाळू-विटांचे ट्रक जातात, पुढच्या इमारतींसाठी. पलीकडच्या टेकडीपर्यंत सगळं पिवळं करायचं ठरलंय. हाच तो दुसरा टप्पा, ज्याच्या कागदांवर माझ्या लेकीने सही करायची आहे. सही झाली की तिला बढतीही मिळायची आहे.

आता ती पडली पट्टी. पिवळा रंग टेकडीपर्यंत न्यायचा तर तुटक रेघही तिथवर न्यायला हवी, आणि रेघ पुढे न्यायची तर ती मुळात निघते कुठून हे पाहायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. बरं, विचारायचं तर फाइल पाठवावी. ही बाई उठली आणि जिना चढून सरळ वर गेली. वाहतुकीच्या साहेबांना वाटलं, खाली आग लागली असावी.

हे सगळं तिने आम्हाला गेल्या महिन्यात एका रविवारी सांगितलं. तिने साहेबांच्या टेबलावर नकाशा उलगडला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही तुमची रेघ, हिचा मूळ आराखडा दाखवता?"

"आमची?" साहेब म्हणाले. "मॅडम, ती तुमची. आम्ही तुमच्या नकाशावरून उचलली."

"आम्ही तुमच्या नकाशावरून उचललीय."

साहेबांनी नकाशा उलटून त्याची मागची बाजूही पाहिली. मग त्यांनी दोन चहा सांगितले.

चहा झाल्यावर दोघांनी मिळून जुने कागद उपसले. त्यांच्या कार्यालयाच्या इतिहासात दोन मजल्यांनी एकत्र केलेलं हे बहुधा पहिलंच काम. शेवटी एका जीर्ण नकाशावर रेघेचा उगम सापडला. ती पाण्याच्या नळाची रेघ होती. कधीकाळी टेकडीवर टाकी बांधायची होती, तिच्यापासून शहरापर्यंत नळ यायचा होता. टाकी रद्द झाली. रेघ राहिली. पुढे नकाशे संगणकावर चढवताना कडेचं नाव कापलं गेलं, एका मजल्याने बिननावाची रेघ दुसऱ्याची समजून घेतली, दुसऱ्याने ती पहिल्याकडे पाहून बसमार्ग म्हणून पक्की केली, आणि मग पहिल्याने त्या बसमार्गाच्या भरवशावर हजारो घरांना परवानगी दिली. त्यांतल्या एकात आम्ही राहतो. म्हणजे ज्या बसची हे इस्त्रीचा शर्ट घालून वाट पाहतात, ती बस म्हणजे एक न टाकलेला नळ आहे.

ऐकून हे पोट धरून हसले. "निदान पाणी तरी यायला हवं होतं," म्हणाले. लेक हसली नाही. तिने बापाच्या जाड काचांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

ती मोठ्या साहेबांकडेही गेली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणून तर ते मोठे साहेब. रेघ कोणी काढली याला फारसं महत्त्व नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. एवढ्या लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून घरं घेतली, म्हणजे आता ती खरीच म्हणायची. दुसरा टप्पा होऊ दे, वस्ती वाढू दे, बसला यावंच लागेल. आणि सहज आठवल्यासारखं त्यांनी विचारलं की पथदिव्यांच्या विभागात एक जागा रिकामी आहे, तिला दिव्यांची आवड आहे का? तिथे ज्यांना पाठवतात ते शहरभर खांब मोजत फिरतात. त्यांना नको ते प्रश्न पडायची सवय होती, एवढंच त्यांच्यात साम्य असतं.

"शिवाय जनतेला काही अडचण नाही," मोठे साहेब म्हणाले. "एक तरी हरकत आलीय का?"

हरकतींची व्यवस्था आहे बरं का. आराखडा मंजूर होण्याआधी त्या भागातला कोणीही रहिवासी हरकत घेऊ शकतो. टपालाने किंवा नुसत्या फोनवर. एक जरी हरकत नोंदली गेली तरी सही थांबते आणि दोन्ही मजल्यांना एका खोलीत बसून उघड सुनावणी घ्यावी लागते. कर्मचाऱ्यांना हरकत घेता येत नाही, त्यांना फक्त सही करता येते. आणि हरकतींचा फोन कुठे आहे म्हणाल, तर माझ्या लेकीच्या टेबलावर. "वाजत नाही गं," ती सांगत होती. "मी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते."

"मग मीच करते की फोन," मी म्हणाले. अर्धं गमतीने.

"नको आई. पोरीनेच करवला म्हणतील."

तिचं खरं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि मनातल्या मनात 'कर बाई सही, सगळेच करतात' असं म्हणत राहिले. नळाच्या आशेवर आणखी काही हजार लोक टेकडीवर राहायला येतील. येऊ देत. त्यांच्यासाठीही थांबा होईल, बाक होईल, अड्डा जमेल. माझ्या लेकीची नोकरी तर शाबूत राहील.

मंगळवारपर्यंत मी अशीच शहाणी होते.

मंगळवारी यांची डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी होती. दर खेपेला लेक रजा टाकून, गाडी घेऊन येते. या वेळी तिच्या मागे कामाचा ससेमिरा, म्हणून यांनी तिला परस्पर कळवलं की तपासणी पुढे ढकललीय. मला सांगितलं की थांब्यावर बसायला चाललोय. आणि निघाले चालत, हमरस्त्यापर्यंत, तिथून शहरात जाणारी बस गाठायला. त्या रस्त्याने, विटांच्या ट्रकांमधून, कडेच्या खडीवरून, धड न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

आमच्याच इमारतीतली, खालच्या मजल्यावरची परिचारिका रात्रपाळी संपवून त्याच रस्त्याने चालत येत होती. तिला हे खड्ड्याच्या काठावर सापडले. ती त्यांना धरून घरी घेऊन आली. गुडघा सोललेला, चष्म्याची एक काच फुटलेली, इस्त्रीच्या शर्टाला चिखल. ट्रकला वाट द्यायला बाजूला झाले ते थेट खड्ड्यात.

"काका पडले होते, काकू," ती म्हणाली.

"पडलो नाही. बसलो होतो," हे म्हणाले. "तिथे बाक नाहीये, त्याला मी काय करू?"

तिने त्यांचा गुडघा धुऊन पट्टी बांधली. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाली, थोडं आणखी ट्रकच्या बाजूला असते तर. वाक्य तिने पुरं केलं नाही. ती रोज त्या रस्त्याने पायी जाते आणि येते. तिला कोणीही रजा टाकून न्यायला येत नाही.

लेकीला मात्र आम्ही काहीच कळवलं नाही. या रविवारी ती आली तर हे जुना चष्मा लावून बसले होते. नव्याची काच सैल झालीय, दुरुस्तीला दिलाय, असं सांगितलं. लंगडत होते ते संधिवाताच्या नावावर खपवलं. ती जेवली, भांडी आवरू लागली, निघताना दारात बापाचे बूट दिसले तर वाकून ते सरळ मांडून ठेवले. त्यांच्यावर अजून चिखल होता. तिने तो पाहिला, हे मी पाहिलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चाललंय. उद्या हरकतींचा शेवटचा दिवस आहे, संध्याकाळी सही. मोठ्या साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे जनता खूष आहे. जनता म्हणजे मीच की. मी या वसाहतीची रहिवासी आहे, वीजबिल माझ्या नावावर येतं, आणि ज्याला चिखलातून उचलून आणला तो माझा नवरा आहे. पोरीनेच करवलं म्हणणारे म्हणतील. पण मी फोन नाही केला तर उद्या तिच्या सहीखाली टेकडीवरच्या कोणा म्हाताऱ्याचा रस्ता असाच राहून जाईल, आणि ती यापुढेही गप्पच जेवेल. खांब मोजायला लागली तर लागली. निदान जेवताना भांडेल.

हे आत झोपलेत, एक पाय उशीवर. सकाळी चहा घेऊन ते थांब्यावर गेले की मी फोन लावणार आहे. तिच्या मोबाइलवर नाही, त्या धूळ पुसलेल्या फोनवर. पहिल्यांदाच वाजेल, तेव्हा दचकेल ती. मी तिला मॅडम म्हणेन, अहो-जाहो करीन, म्हणजे आजूबाजूच्यांना ऐकू गेलं तरी बिघडायला नको. हरकत घेणाऱ्याला नाव, पत्ता आणि प्रत्यक्ष काय त्रास झाला ते सांगावं लागतं. आणि ऐकणाऱ्याला ते शब्दन् शब्द उतरवून घ्यावं लागतं, मध्येच रडू आलं तरी.

म्हणून काय सांगायचं ते आताच ठरवून ठेवते आहे. नमस्कार मॅडम, मला दुसऱ्या टप्प्याबद्दल हरकत नोंदवायची आहे. मंगळवारी सकाळी माझे यजमान बससाठी घरून निघाले.