दूधभाताचं पान

आमच्या घरात दूधभात कुणी खात नाही. तापातून उठलेल्या पोराला मऊ भात, तूप, मेतकूट सगळं मिळेल, पण भातावर दूध पडणार नाही. माझी लेक बाळ असताना सासूबाईंनी तिला कौतुकाने दूधभाताचा घास भरवला, तर माझे बाबा ताडकन उठून म्हणाले, "आमच्याकडे ते चालत नाही." सासूबाई तिथे एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर मात्र जन्मभर बोलल्या.

दूधभात आमच्याकडे एकाच माणसाचा. हा आमचा पूर्वज पानिपतावर गेला आणि परत आला नाही. देह सापडला नाही, तिथी ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्येला त्याचं वेगळं पान. बाकीच्या पितरांना वडे, खीर, अळूची भाजी, गवार, सगळं साग्रसंगीत. याला फक्त मऊ भात, त्यावर दूध आणि चिमूटभर साखर. मीठ नाही. पान घरात ठेवायचं नाही. पेठेत भाड्याच्या खोल्यांत होतो तेव्हा ते चौकातल्या उघड्या जिन्याखाली असायचं, कोथरूडला फ्लॅट घेतल्यावर सोसायटीच्या गच्चीवर गेलं.

आणि त्या पानाला कावळा कधी शिवला नाही. शेजारच्या काकबळीच्या पानावरचा वडा उचलून न्यायचा, पण दूधभाताकडे ढुंकून बघायचा नाही. आता कोथरूडात कावळे उरलेत कुठे, सगळी कबुतरंच. तर कबुतरंसुद्धा बाजूने चालत जायची. वडा समोर असताना बिनमिठाचा गिळगिळीत भात कोण खाईल, हे मला कळतं हो. पण लहानपणी कळत नव्हतं. मला वाटायचं, तो आलाय, भुकेला आहे, जिन्यात उभा आहे आणि कशावर तरी रागावलाय. त्या दिवशी मी जिन्यावरून एकटी उतरत नसे. खरं सांगायचं तर मोठेपणीसुद्धा गच्चीचं दार लावून घेताना मी मागे वळून बघत नसे.

आजी, म्हणजे बाबांची आई, असेपर्यंत तो भात तीच कालवायची. बोटांनी शीत न शीत चिरडायची. मग पान ठेवून यायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. तिच्यामागे माझ्या आईने तसाच कालवला, आईमागे मी. पानिपतावर लढलेल्या बाप्याला कुणी भात असा चिरडून वाढतं का, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. पडला असता तरी बाबांकडे उत्तर तयार होतं. बाबा इतिहासाचे शिक्षक. ते सांगायचे, "अगं, पानिपतावर सैन्याची उपासमार झाली होती. उपाशी माणसाला एकदम जड अन्न सोसत नाही. आपल्या पूर्वजांनी किती बारीक विचार केला होता बघ." यावर त्यांनी व्याख्यानं दिली आहेत. शाळेत, ग्रंथालयात, ज्येष्ठ नागरिक संघात तर दर वर्षी. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी लेकीला घेऊन त्यांच्याकडेच राहायला आले. नवऱ्याचं म्हणाल तर, त्याचं सोडा. लेक आता हिंजवडीला नोकरी करते. तिने आजोबांच्या वाढदिवसाला डीएनए चाचणीची पेटी आणली. छोट्या नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. "आजोबा, तुमचे पूर्वज कुठकुठले ते कळेल. एकदम कूल आहे." बाबा हरखले. अर्धा तास चहा न पिता बसले आणि मग त्या नळीत असे गंभीरपणे थुंकले की जणू अर्घ्य देतायत. त्यांना वाटत होतं, पानिपत थुंकीत सापडेल.

निकाल आला तो लेकीच्या फोनवर. ती स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. आमच्या घरात ते दार कधी कुणी लावत नाही. मी गॅस बंद केला. पूर्वजांचं प्रकरण अगदी साधं होतं, सगळे इथलेच. पण खाली आणखी एक रकाना होता. ज्यांनी ज्यांनी चाचणी केली त्यांच्यातले रक्ताचे नातेवाईक. त्यात एकच बाई होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, सख्खी बहीण.

बाबांना बहीण नाही. भाऊही नाही. ते एकुलते एक.

मी म्हटलं, काहीतरी घोळ असेल. लेक म्हणाली, "आई, असा घोळ नसतो होत." तेवढ्यात निरोपही आला होता. त्या बाईच्या नातीने लिहिलं होतं. आजीला आपण कुणाच्या, हे माहीत नाही. तेवढं एकदा कळावं म्हणून तिनेच आजीची चाचणी करवली होती. आजी लोणी काळभोरला असते. 'आम्हाला काही मागायचं नाहीये, आजीला फक्त बोलायचंय.'

लोणी काळभोर! अहो, हाकेच्या अंतरावर. सोलापूरला जाताना आम्ही किती वेळा तिथून गेलो असू, बाबा खिडकीशी बसून पानिपत सांगत.

बाबांना न सांगता मी आणि लेक गेलो. उसाच्या कडेला सिमेंटचं घर, ओसरीत बाज. नात आम्हाला आत घेऊन गेली. म्हातारी नऊवारीत, बारीक, बाबांहून थोडी थोरली. मी तिच्यात काही शोधायचं नाही असं ठरवून गेले होते. तिने पाण्याचा पेला घेतला, पदराने त्याची कड गोल पुसली आणि मग तोंडाला लावला. बाबा तसंच करतात, रुमालाने. माझ्या आईने कितीही टोकलं तरी त्यांची ती खोड गेली नाही.

"भावाची लेक व्हय?" ती म्हणाली. "बस. भिऊ नगंस, म्या काय भूत न्हाई."

मग तिने सांगितलं. तिला वाढवलेल्या आईने मरताना तिला जे सांगितलं होतं, तेच. तिचे आबा बैलगाडीने मंडईला भाजी घेऊन जायचे. पेठेतली एक बाई नेहमी त्यांच्याकडून भाजी घ्यायची. आबांना मूल नाही, हे तिला ठाऊक होतं. एक दिवस आली आणि तिने वर्षाची पोर त्यांच्या रिकाम्या पाटीत ठेवली.

"रडली न्हाई म्हनं ती. येवढंच बोलली, हिला मीठ नगा घालू. दूधभात द्या, शीत न शीत चिरडून. तेवढाच खाती."

मी तिथेच बसले होते, पण माझ्या बोटांना तो भात लागला. आजीनंतर आईने आणि आईनंतर मी ज्याच्यासाठी तो कालवला, तो पानिपतावर कधी गेलाच नव्हता. ती माझ्यासमोर बाजेवर बसली होती आणि माझ्या लेकीला पेढा देत होती.

"येक इचारू?" ती म्हणाली. "पितरपाटात मला दरसाली अन्न ग्वाड लागत न्हाई. अमुशाच्या दिशी तर घास गिळतच न्हाई. डागदर म्हनतो, काय न्हाई झालेलं. तुमच्या घरात हाय का कुनाला आसलं?"

मी नाही म्हटलं.

निघताना तिने माझं मनगट धरलं. "तिनं माजी कंदी आठवन काढली का गं? येवढंच सांग. बाकी मला काय नगं."

काय सांगणार होते मी? आजी आठवण काढायची, दर वर्षी काढायची, याचा माझ्याकडे एकच पुरावा, आणि तो पुरावा म्हणजे मेलेल्यांच्या रांगेतलं पान. जिवंत बाईच्या तोंडावर कसं सांगायचं, की तू इथे शेतात राबत होतीस आणि आम्ही तिकडे तुला पितरांत जेवू घालत होतो? मी म्हटलं, "बाबांना विचारून सांगते." आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. नाहीतर, झालंच तर, त्या चाचणीवरच व्याख्यान देतील. त्यांनी कप बाजूला सरकवला. चहावर साय आली.

"आईने पानिपत म्हटलंच नव्हतं," ते म्हणाले. "मीच म्हटलं. सात-आठ वर्षांचा होतो मी. शाळेत त्या दिवशी पानिपत शिकवलं होतं. घरी आलो तर आई पान मांडत होती. मी मागेच लागलो, हे कुणाचं, हे कुणाचं? ती काही बोलेना. मग मीच विचारलं, पानिपतावरून आले नाहीत त्यांचं का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो, त्यांचंच."

"बाबा..."

"सबंध जन्म मी लोकांना तेच सांगितलं गं. आणि ती ऐकत बसायची. माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत यायची."

का दिली असेल, याचा आम्ही तर्क करून पाहिला. मूळ नक्षत्रावरची म्हणून? माझ्या आजोबांच्या मनात कुणी काही भरवलं म्हणून? ते नळीतल्या थुंकीला माहीत नाही आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. एवढं मात्र मला कळलं, की त्या घरात वर्षातून त्याच एका दिवशी एक पान जास्तीचं मांडलं तर कुणी हिशोब मागत नव्हतं. आजीला पोरीला जेवू घालायला तेवढाच दिवस मोकळा होता.

"सांगायचं का तिला?" मी विचारलं. "पान कसलं ते? ती हाय खाईल, बाबा. म्हातारी आहे."

"ती विचारतेय ना? मग सांगायचं," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी भात लाव. कालवीन मी."

त्यांनी कालवला. इतका वेळ लावला की गाडीवाल्याने दोनदा फोन केला. लोणीपर्यंत डबा त्यांच्याच मांडीवर होता.

ओसरीत तिच्यापुढे उभे राहिले आणि सभा गाजवणारे माझे बाबा तिला चक्क म्हणाले, "नमस्कार. आपण बसा."

"आरं, म्या बसलेलीच हाय," ती म्हणाली. "थोरली हाय मी तुझी. ये, टेक हितं."

बाबा टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पान, जिना, गच्ची, पानिपत. काही गाळलं नाही. "आई दर वर्षी तुझं पान वाढायची," ते म्हणाले. "पण अमावास्येला, ताई. गेलेल्यांच्या बरोबर. तिच्यानंतर आम्हीही वाढत आलो. तू जिवंत असताना." नातीने तोंडावर हात ठेवला. माझी लेक जमिनीकडे बघत होती. मला तर वाटत होतं, ही आता आम्हाला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर बरोबरच आहे.

म्हातारीने बाजेवर ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडलं.

"आन कावळा?" ती म्हणाली. "कावळा शिवायचा का त्या पानाला?"

"नाही," बाबा म्हणाले. "कधीच नाही. एकदाही नाही."

"कसा शिवंल?" ती म्हणाली. "म्या हितं हाय न्हवं."

आणि तिने डबा पुढ्यात ओढला. पहिला घास स्वतः खाल्ला. दुसरा बाबांच्या तोंडापुढे धरला, आणि बाबांनी तो खाल्ला.