आचलच्या घरी सांगावं लागलं

"तुमी माह्या बाबाले सांगितलं तं मी इथं परत येणार नाही," आचल म्हणाली आणि दप्तर उचलून उभी राहिली.

मी लाखनीकडच्या एका सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांची काउन्सेलर आहे. आचल अकरावीतली. डोकं दुखतं, जेवत नाही, म्हणून वडिलांनी आणलेली. ते हायवेवर ट्रकचे टायर दुरुस्त करतात. रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. वडील बाहेर बाकावर बसले.

आचल शाळेच्या कबड्डी टीमची रेडर होती, म्हणजे चढाई करणारी. गुडघा दुखावला, टीम सुटली.

"पहिले सगळे मले विचारत होते. आता मी कोणाच्याच कामाची नाही."

असं वाक्य आलं की आम्ही सरळ विचारतो. विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते शिरतं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट मुलं बोलती होतात.

"मरून जावं असं वाटते का तुले?"

"वाटते." मग हळूच, "ठरवून बी टाकलं होतं."

विचार येणं वेगळं, ठरवणं वेगळं. ठरवलं असेल तर ती हाय रिस्क केस. तिथे घरच्यांपासून लपवता येत नाही. हे मी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी तिला तो दगाच वाटला, आणि ती दप्तर उचलून उभी राहिली ती तेव्हाच.

"राग कर माझा. पण मी सांगणार," मी म्हणाले आणि वडिलांना आत बोलावलं.

ऐकून ते बोटांवरचं ग्रीस खरडत राहिले.

"घरी तं हासते, मॅडम. आता मी काय बोलू तिले?"

"सध्या फक्त ऐका. आणि तिला एकटं सोडू नका."

मग आम्ही तिघांनी सेफ्टी प्लॅन ठरवला. म्हणजे घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवायच्या, विचार बळावला तर कोणाला हाक मारायची, कुठे यायचं. वडिलांनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिला घेऊन थेट भंडाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. डिप्रेशन निघालं. औषध सुरू झालं.

पुढे आचल माझ्यासमोर तोंड फिरवून बसायची. "मी तुमच्याशी बोलत नाही," एवढंच सांगायला नेमाने यायची. हळूहळू झोप लागू लागली, जेवण वाढलं, मग बोलणंही.

आता ती बारावीत आहे. गुडघा पूर्ण बरा नाही. वाईट दिवस अजून येतात, तेव्हा ती वडिलांना सांगते.

मला मात्र तिने माफ केलेलं नाही. आमच्या कामात हे चालतं. चिडायला ती आहे, एवढं पुरे.