झुंबरबाईचा बेलभंडारा

झुंबरबाईचा राग अख्ख्या पिंपळगाव रेणुकाईला ठाऊक होता, आणि तिचा शब्दही. म्हणूनच गायरानाच्या उतारावर झाडं लावायचं ठरलं तेव्हा सरपंच काकासाहेब आधी तिच्या दारी आले. धनगरवाड्याची सारी मेंढरं त्याच उतारावर चरायची. झाडं मोठी होईपर्यंत तिथं एकही मेंढरू जाणार नाही, नंतर उतार पुन्हा चराईला मोकळा, असं ठरलं. झुंबरबाईने बिरोबापुढे बेलभंडारा उचलला. बेलाच्या पानावरची हळद एकदा तळहातावर घेतली की त्या वाड्यावरचं माणूस मागे फिरत नाही.

मेंढरं घेऊन ती उन्हातान्हात पार हसनाबादच्या शिवारापर्यंत हिंडली. आणि इकडे काय केलं या शहाण्यांनी? आधी तणनाशक मारून गवत जाळलं. मग जेसीबीने मुळ्यांसकट वरची माती खरवडून कडेला लोटली. गवत म्हणजे जणू गावाचा वैरीच! रोपं लावली, फोटो निघाले. पावसाळ्यात ती सुटी माती नाल्यात गेली, उघडा पडलेला मुरूम तव्यासारखा तापला आणि बरीचशी रोपं जागच्या जागी वाळली. ते पाहून झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या वर्षी मुरमातून कुठेकुठे मारवेल गवत फुटलं. त्याच्या मुळांनी थोडी माती धरून ठेवली होती. तोच काकासाहेब पुन्हा फवारणीला माणसं घेऊन हजर! त्यांत पाठीवर पंप घेऊन रोजाने आलेली झुंबरबाईची सून दैवशालाही होती.

"रोपाच्या बुडाशी तेवढं उपटा, बाकीचं राहू द्या की!" झुंबरबाई कडाडली. "जमीन उघडी करून कशाचं जंगल करून राह्यले तुम्ही?"

"मावशी, साफ केल्याबिगर काम बराबर दिसत न्हाई," काकासाहेब म्हणाले. "उद्या पाहणीला लोक येणारेत."

"त्यांना दाखवायला माती मारता व्हय?" तिने कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि मूठ पुढे धरली. "मेंढरं आडवायचा भंडारा मी उचलल्ता, अजून पाळून राह्यले. आता गवत जाळणार न्हाई म्हणून तुम्ही उचला."

काकासाहेबांनी हात खिशात घातले. बाकीचे खाली बघू लागले. मेंढरांना रानोमाळ हिंडवून पाळलेल्या शब्दाची ही किंमत!

दैवशालाने पाठीवरचा पंप उतरवला, पदराला हात पुसले आणि सासूपुढे तळहात पसरला.

"मला द्या, आत्या," ती म्हणाली.