दुसऱ्या दिवशीचे पाय

आमच्या संघाचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. एस.टी.च्या मागच्या सीटवर एकीने एक सांगायचा, दुसरीने त्यात तिखट-मीठ घालायचं, आणि स्टँड येईपर्यंत तिसरा तयार! कुठला किस्सा मैदानावर घडला आणि कुठला गाडीत, हे आता मलाही सांगता येत नाही. इथे लिहितेय ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत. त्यातले काही तर माझ्याच फजितीचे आहेत.

पंजाबात दोन वर्षं खेळाचं प्रशिक्षण घेऊन मी लातूरला परतले, तेव्हा डोक्यात एक चित्र पक्कं होतं. मॅच संपली की खेळाडू गार पाण्याच्या हौदात बसताहेत, कुणाचं मालिश चाललंय, कुणी संथपणे मैदानाला फेऱ्या घालतंय. दमलेलं शरीर दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा उभं करणं हेही शास्त्र आहे, असं आम्हाला शिकवलेलं. वाटलं, जिल्हा नवा, मुलींचा कबड्डी संघ नवा, सगळी पाटी कोरी. आपण लिहू ते उमटेल.

जिल्हा नवा होता, हे खरं. पण त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता. आमचा सराव व्हायचा त्या चाकूरच्या मैदानाला एवढ्या भेगा होत्या की चप्पल अडकायची. हौदही होता. त्यात शाळेची मोडकी बाकं ठेवली होती!

*

मुलींच्या जर्सीही जुन्याच होत्या. लातूर ज्यातून वेगळं झालं त्या जुन्या जिल्ह्याचं नाव पाठीवर, त्यावर 'लातूर' लिहिलेली कापडी पट्टी टाचलेली. माझ्या पहिल्याच मॅचमध्ये आमच्या कॅप्टनची, महानंदाची, पट्टी पकडीत उसवली आणि खालचं नाव उघडं पडलं.

समोरच्या संघाची मुलगी ओरडली, "सर, ही दुसऱ्या जिल्ह्याची हाय!"

खेळ थांबला. पंच जवळ आले. त्यांनी जर्सी निरखली, मग महानंदाकडे पाहिलं. "काय गं, कुठल्या जिल्ह्याची तू?"

महानंदा चाकूरजवळच्या खेड्यातली. चढाईला गेली की हात न लावता परत यायची नाही, आणि बोलायलाही तशीच. म्हणाली, "सर, मी जागची हलले न्हाई. जिल्हाच सरकलाय!"

*

ती मॅच आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशीची हरलो. पुढे कळलं की हे नेहमीचंच आहे. पहिल्या दिवशी आमच्या मुली समोरच्यांना पळता भुई थोडी करायच्या, दुसऱ्या दिवशी त्याच मुली पाय ओढत मैदानात यायच्या.

यावर प्रत्येकाकडे उत्तर होतं. संघाचे मॅनेजर बिराजदार सर म्हणायचे, "दिष्ट लागती." त्यांचा उपाय म्हणजे मॅच संपली की गूळ-शेंगदाणे वाटणं आणि मुठीतलं मीठ प्रत्येकीवरून ओवाळून टाकणं. माझे वडील अप्पा चाकूरच्या दुकानात बसून मला म्हणायचे, "अक्का, आपला माल पहिल्या दिवशीच विकून मोकळा होतोय. दुसऱ्या दिवशी दुकानात काय उरणार?"

निवड समितीतल्या एका गृहस्थांनी मात्र मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. "नांदेडची स्पर्धा बघू. तिथंही दुसऱ्या दिवशी हेच झालं, तर पुढल्या साली मुलींचा संघ पाठवायचा का नाही, याचा विचार करावा लागेल."

मी त्यांना शास्त्र ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला. चहाने मी गप्प बसेन असं त्यांना वाटलं असावं. मी बसले नाही.

*

मी ठरवलं, तीन उपाय ताडून बघायचे. काहींनी सरावानंतर गार पाण्यात पाय बुडवायचे, काहींना तेलाने मालिश, काहींनी संथ चालायचं. आणि तुलना करायची तर काहीजणींनी काहीच करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. झाडाखाली सगळ्यांना बसवून मी हे समजावलं. बराच वेळ बोलले.

शेवटी रझियाने हात वर केला. ही आमची पकडीची भिंत. "मॅडम, पाण्यात पाय घालायचे? पिण्याच्या पाण्यात?"

"हो. गुडघ्यापर्यंत."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मी एखादी घाण शिवी दिली असती तरी त्या इतक्या अवघडल्या नसत्या.

महानंदाने त्यातून वाट काढली. त्यांच्या घरी पाण्याचा क्रम ठरलेला होता. आधी पिणं, मग भाकरी-भाजी, मग आंघोळ परातीत उभं राहून, आणि परातीतलं पाणी म्हशीला. "आंघोळीच्या पाण्यातच पाय बुडवते की! म्हशीला काय, उशिरा मिळंल एवढंच."

पहिल्या दिवशी मी स्वतः तिच्या घरी गेले. अंगणात घमेलं, घमेल्यात तिच्या आंघोळीच्या वाट्याचं गार पाणी, मी पंजाबातल्या सवयीने त्यात मूठभर मीठ टाकलं. महानंदा पाय बुडवून बसली. मी तिला रक्ताभिसरणाबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागून म्हैस आली आणि पाय आत असतानाच तिने घमेलं चाटून-पुसून रिकामं केलं! नंतर मीठ लागलं म्हणून महानंदाच्या पोटऱ्याही चाटल्या.

महानंदाची आई दारातून म्हणाली, "राहू द्या, मॅडम. मालिशबी झालं!"

*

मालिशचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. निम्म्या मुलींना गुदगुल्या व्हायच्या. उरलेल्यांच्या घरी गोंधळ. आपल्याकडे तेल लावून अंग रगडतात ते कुणाचं, हे मी दोन वर्षांत विसरून गेले होते.

एका मुलीची आजी काठी टेकत मैदानावर आली. तेलाची बाटली बघितली, चटईवर आडवी पडलेली नात बघितली, आणि मला विचारलं, "बाई, माझी नात बाळंतीण हाय का?"

दुसऱ्या दिवशी ती मुलगी चालणाऱ्यांमध्ये सामील झाली.

*

'नुसतं बसा' म्हटलेल्यांनी सगळ्यात जास्त छळलं. घरी गेल्यावर बसायला कुणी देईना. टँकरचा हॉर्न वाजला की गाव धावायचं, त्यात आमच्या विश्रांतीवाल्या सगळ्यात पुढे. पायांत ताकद होती ना! उलट 'संथ चाला' म्हटलेल्या मुली मैदानावरून घरी जाताना रस्त्यातच हळूहळू चालत राहायच्या, कारण त्यांना ठाऊक होतं, लवकर पोचलं की कळशी डोक्यावर येते.

एकीने खरंच आज्ञा पाळली. बाजेवर बसून राहिली. संध्याकाळी शेजारीण लिंबू घेऊन आली, काकू आल्या, मामाला सांगावा गेला. सकाळी तिचे वडील सायकलवर माझ्याकडे. "मॅडम, पोरीला काय झालंय ते खरं सांगा. काल टँकर आला तरी उठली न्हाई."

आठवडाभरात माझी तुलना अशी झाली की पाणी म्हैस प्याली, तेल आजीने बंद केलं, चालणाऱ्या रेंगाळल्या आणि बसणाऱ्या धावल्या. कुणाचे पाय कशाने ताजे झाले, हे कोण सांगणार? मी रात्री अप्पांसमोर रडले. अप्पा म्हणाले, "तू त्यांना चार गोष्टी सांगितल्यास. त्यांनी तुला त्यांचा दिवस दाखवला. तो बघितलास का?"

मला तेव्हा ते दुकानदारी बोलणं वाटलं.

*

नांदेडच्या आधी उदगीरला एक लहान स्पर्धा झाली. बसमध्ये चढताना बघितलं, तर प्रत्येकीच्या सामानात एक रिकामी कळशी. कंडक्टर दारातच अडवून उभा. "लग्नाला चाललाव का पाण्याला?"

"कबड्डीला," रझिया म्हणाली.

"मग ह्या कशाला?"

"बाहेरगावी जाताना भांडं नको का, काका?"

"कळशीला हाफ तिकीट लागंल!"

"मग खिडकीपाशी बसवा तिला!"

उदगीरला माझी मावशी राहते. मी तिच्याकडे मुक्कामाला गेले, मुली शाळेच्या वर्गात राहिल्या, सोबत तिथल्या एक शिक्षिका. पहिला दिवस आमचा. दुसऱ्या दिवशी शेवटच्या मिनिटांत आम्ही एका गुणाने मागे, महानंदा चढाईला गेली. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... कोपऱ्यातल्या मुलीला हात लागणार, एवढ्यात महानंदाचंच तोंड उघडलं आणि एक लांबलचक जांभई बाहेर पडली.

शिट्टी! "दम तुटला. बाद!"

"सर, दम न्हाई तुटला," महानंदा कळवळून म्हणाली, "जांभई आली!"

पंच भले माणूस. म्हणाले, "पोरी, नियमात जांभईला जागा नाही."

परतीच्या बसमध्ये सगळ्या हसल्या. मीही हसले. मग महानंदा खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि तिची कळशी लातूरपर्यंत माझ्या मांडीवर होती. ती रिकामी होती, तरी मी तिला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

*

नांदेड. मोठं मैदान, गोदावरीकाठचं गाव, आणि निवड समितीतले ते गृहस्थ पहिल्या रांगेत.

पहिल्या दिवशी मुलींनी दोन मॅच काढल्या. दुसरी तर अशी, की शेवटी महानंदाला तिघींनी धरलं होतं आणि ती तिघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली. फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी. बिराजदार सरांनी मीठ ओवाळलं. मी स्टेशनजवळच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली. मुक्कामाच्या शाळेच्या अंगणात टिपाडात पाणी भरून बर्फ फोडून टाकला. इथे म्हैस नव्हती. मुली एकेक करून पाय बुडवत होत्या, किंचाळत होत्या, हसत होत्या. माझं पंजाबातलं चित्र अखेर नांदेडात उमटलं होतं!

महानंदाने बर्फाचा खडा हातात घेऊन विचारलं, "मॅडम, हे चाकूरपर्यंत टिकंल का? आईला दाखवलं असतं."

"नाही टिकणार."

तिने तो खडा टिपाडात परत ठेवला. टाकला नाही, ठेवला. नंतर सगळ्यांनी मिळून टिपाड उचललं आणि पाणी अंगणातल्या कडुनिंबाला घातलं.

शाळेचा वॉचमन बघत होता. महानंदाने त्याला विचारलं, "काका, इथं पाणी कवा येतंय?"

"पहाटं. अजानीच्या वक्ताला."

हाच प्रश्न तिने उदगीरच्या शाळेतही विचारला होता. बसमधून उतरल्या उतरल्या, पिशवी खाली ठेवण्याआधी. मी तेव्हा मावशीच्या टांग्यात बसत होते, कानावर पडला होता.

नांदेडात माझं कुणी नातेवाईक नाही. म्हणून मी पहिल्यांदाच मुलींबरोबर वर्गात झोपले.

पहाटे अजून अंधारच होता. अंगणातल्या नळाने आधी हवा सोडली, मग फुरफुरला. माझ्या शेजारची चादर हलली. रझिया उठून बसली. मग पलीकडची. कुणी कुणाला हाक मारली नाही. एकेक करून सगळ्या उठल्या, उशाच्या कळशा घेतल्या आणि अनवाणी, लंगडत, पोटऱ्या धरत दाराकडे निघाल्या. सगळ्यात पुढे महानंदा. काल तिघींना ओढून आणलेल्या पायावर तिला वजन टाकता येत नव्हतं.

मी दारात आडवी आले. "कुठे चाललात?"

"पाणी आलंय, मॅडम."

"कुणासाठी भरताय? इथे कुणाला द्यायचंय?"

महानंदा माझ्याकडे बघत राहिली. मी वेड्यासारखा काही प्रश्न विचारला असावा तशी. "कुणासाठी म्हंजे? आलंय की!"

"उदगीरलाही भरलं होतं?"

"सगळीकडं भरतो. तिथल्या शाळेच्या बाईंच्या डब्यात बी भरून ठेवलं होतं," रझिया म्हणाली. "झोप कशी लागंल, मॅडम? नळ चालू असताना?"

नळ वाहत होता. सगळ्यांचे कान तिकडे होते. मी नळ बंद केला असता, तर एकीचाही डोळा लागला नसता, हे मला तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मी महानंदाच्या हातातली कळशी घेतली. मग रझियाची. मग एकेकीची.

"झोपा सगळ्या. आजचं पाणी मी भरते."

"तुम्हाला जमंल?"

"जमेल."

"सगळ्या कळशा?"

"सगळ्या. आणि टिपाडही."

त्या उभ्याच. मी अंगणात गेले, पहिली कळशी नळाखाली लावली. कळशीत पाणी वाजायला लागलं, तेव्हा कुठे मागे चादरी सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आतून महानंदाचा जड आवाज आला.

"मॅडम, तिरपी धरा. सांडाय लागलंय."

मी कळशी तिरपी धरली. आतून पुन्हा काही आवाज आला नाही. ती भरली, तेव्हा मी दुसरी लावली.