बिराचा डावा बूट

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमची पलटण औरंगाबादच्या छावणीत आली. मी नायब सुभेदार, एक प्लॅटून माझ्याकडे. लढाईत माझा एकही माणूस गेला नाही. जो गेला तो शांततेत गेला, पैठण रोडवरच्या एका रूट मार्चमध्ये, आणि त्याला जबाबदार मी आहे. लोक मला लढाईचं विचारतात. मी हेच सांगतो.

रूट मार्च म्हणजे पाठीवर पूर्ण सामान आणि तासाला दहा मिनिटं विसावा. मुक्कामाला पोचलं की फूट इन्स्पेक्शन. बाकीचे प्लॅटून कमांडर उभ्याउभ्याच पाय बघत. मी गुडघे टेकून बसायचो, मगाने पाणी ओतून प्रत्येकाचा पाय स्वतःच्या हाताने धुवायचो, फोड आला असेल तर औषध लावायचो. ही सवय वडिलांची. ते वैजापूरकडच्या आमच्या गावात पाळक होते. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी ते चर्चमध्ये शेतमजुरांचे पाय धूत, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. "चार माणसं पुढं न्यायची असतील तर आधी खाली बसायला शीक," म्हणायचे. मी शिकलो. माझ्या प्लॅटूनमध्ये मला कधी आवाज चढवावा लागला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मला घमेंड होती.

सिपाही बिरा आमच्याच भागातला, मेंढपाळाचा मुलगा, वय बावीस. चालण्यात त्याचा हात धरणारा कंपनीत कोणी नव्हता. माझ्याकडे तो नुकताच आला होता, प्लॅटूनच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये. गावी जाऊन रजेवरून परतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मार्चला निघाला. पहिल्या मुक्कामाला मी त्याच्यासमोर बसलो, तर त्याने पाय मागे ओढले.

"नका साहेब. तुम्ही माझ्या बापाच्या जागी. तुमचा हात पायाला लागला तर मला पाप लागंल."

"बूट काढ."

त्याने उजवा काढला आणि दुरूनच पाय दाखवला. धडधाकट होता.

"डावा?"

"त्यो बी असाच हाय. मेंढरामागं वाढलेले पाय हायेत साहेब, दगडाला बी दाद देत नाय."

सगळे हसले. मीही हसलो. पोरावर संस्कार चांगले आहेत असं वाटलं आणि पुढच्या माणसासमोर जाऊन बसलो. डावा बूट काढायला लावणं एका मिनिटाचं काम होतं. दुसऱ्या मुक्कामालाही मी ते केलं नाही.

तिसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर, सकाळी साडेदहाला तो रांगेतून बाहेर पडला आणि बसला. बिरा बसला म्हटल्यावर मी धावत त्याच्याकडे गेलो. अंग तापाने फणफणलेलं. मी बूट कापून काढला. टाचेला हळद लावून चिंधी बांधलेली. आत बाभळीचा काटा मोडलेला, टाच काळीनिळी, आणि एक लाल रेघ गुडघ्याच्या वर गेलेली. रजेत मेंढरं वळताना लागलेला काटा त्याने बुटात लपवून आणला होता.

वायरलेस ऑपरेटरकडून मी हँडसेट घेतला.

"फोर वन बोलतोय. एक जवान सीरियस. अॅम्ब्युलन्स पाठवा. पैठण रोड, चितेगावच्या अलीकडे. ओव्हर."

"रॉजर. चाळीस मिनिटं. आऊट."

त्याला लिंबाच्या सावलीत निजवून मी पाय धुवायला घेतला. आता तो ओढून घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती.

"नका ना साहेब."

"गप पड."

"चुकलं साहेब."

चुकलं माझं होतं. विष रक्तात भिनलं होतं. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दोन दिवसांनी, सकाळी सव्वासहाला बिरा गेला.

तेरावं झाल्यावर त्याची ट्रंक घेऊन मी त्याच्या गावी गेलो. साधे कपडे, पायात चपला, फाट्यापासून रानातून पायी. बाप दारात बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, हसलो होतो तेसुद्धा. त्याने ऐकून घेतलं.

"लंगडता कामून?"

"काही नाही. काटा असेल."

"बसा. पाय द्या इकडं."

मी पाय मागे घेतला. "राहू द्या बाबा, तुम्ही वडीलधारे."

म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आमच्या बिरानं बी असंच म्हणलं व्हतं ना?"

मी पाय पुढे केला. त्याने सुईने काटा काढला, तांब्याभर पाणी ओतून पाय धुतला, धोतराच्या सोग्याने पुसला. मी रडलो. प्रभू पाय धुवायला बसला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र, त्यानेही आधी नको म्हटलं होतं. वडील ते बायबलमधून दरवर्षी वाचून दाखवायचे, पण मी मनात कायम धुणाऱ्याच्या जागी असायचो. माझे पाय मी माझ्या माणसांपुढे एकदाही उघडे केले नव्हते. मग बिराने त्याचे का करावेत?

पुढच्या मार्चला, पहिल्या मुक्कामावर, मी जेरीकॅनवर बसून आधी माझे दोन्ही बूट काढले. एका सेक्शन कमांडरला बोलावलं.

"आधी माझे बघ."

तो घुटमळला, मग गुडघ्यावर बसला. त्यानंतर सगळ्यांनी बूट काढले, न सांगता, दोन्ही. मी एकेकाचे पाय धुतले. तिसऱ्या सेक्शनमध्ये एक माणूस कमी होता.