दत्ताची मूर्ती आणि आपोआप भरणारा फोन

ते प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे, आणि आठवले की आधी हसूच येते. पोलिसाच्या नोकरीत असे फार वेळा घडत नाही.

माझा जन्म बनारसचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. उत्तर प्रदेश पोलिसांत भरती झालो आणि नोकरीच्या शेवटच्या काळात घाटाकडचे एक ठाणे माझ्याकडे आले. मंगला गौरी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरे आहेत. तिथल्या एका छोट्या दत्तमंदिरातून मूर्ती चोरीला गेली. वीतभर उंचीची, पितळेची, पण चार पिढ्यांच्या पूजेतली. कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडले होते. आणि किल्ली एकच, पुजारी गुरुजींच्या जानव्याला बांधलेली.

गुरुजी सत्तरीचे. घरात पत्नी आणि सून. मुलगा रेल्वेत, त्याची बदली दूर झालेली. चोरीनंतरही गुरुजी रोज गंगेच्या पंचगंगा घाटावर स्नान करून येत आणि रिकाम्या चौरंगावर फूल वाहत. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. चहाच्या दुकानावर कोणीतरी म्हणालेच, "चाबी तो पंडितजी के पास ही थी." दत्तजयंती तोंडावर आलेली. त्या दिवशी चौरंग रिकामा राहिला असता, तर चोर सापडो न सापडो, गुरुजींच्या नावाला लागलेला डाग पुसला गेला नसता.

अशात एका सकाळी आमच्या दीवानजींनी, म्हणजे ठाण्याच्या हेड कॉन्स्टेबलने, एक कागद माझ्यासमोर ठेवला. ठाण्याच्या ई-मेलवर निनावी मेल आला होता. मूर्ती वितळवलेली नाही, ती विकायला निघाली आहे, रामनगरच्या बाजूला शोधा, आणि सापडली की डावीकडच्या कुत्र्याचे शेपूट पाहा. बस्स, एवढेच.

रामनगर म्हणजे गंगेपलीकडचे अख्खे गाव. दुकान कोणते, माणूस कोणता, काही नाही. मी उलट मेल पाठवला, उत्तर आले नाही. पण शेपटाच्या गोष्टीने मी जागा झालो. एफआयआरमध्ये तिचा उल्लेख नव्हता. ती मूर्ती स्वतः हातात घेतलेल्यालाच ती ठाऊक असणार.

मेल कुठून आला हे सायबर सेलला विचारले. काही दिवसांनी उत्तर आले, ज्या मोबाइलच्या इंटरनेटवरून मेल गेला तो नंबर गुरुजींचा होता.

दीवानजी हळहळले. "साहब, अब तो पंडितजी गए."

गुरुजींचे वय पाहता मी त्यांच्या घरीच चौकशीला जाणार होतो. पण निरोप मिळताच ते स्वतः ठाण्यात आले. उपरणे नीट करून समोर बसले.

"गुरुजी, हा मेल तुम्ही पाठवलात?"

"मला मेल म्हणजे रेल्वेची मेल गाडी माहीत."

"तुमच्या फोनवरून गेलाय."

त्यांनी उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले. मग शांतपणे म्हणाले, "मग मीच पाठवला असेन. लिहून घ्या."

मी त्यांचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "कसा पाठवला, दाखवा बरं."

त्यांनी फोन उचलला, उपरण्याने पुसला, उलटा करून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. "आत्ता चष्मा नाही जवळ."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. दीवानजी तोंड फिरवून खोकू लागले.

ज्याला खोटे बोलण्याची सवय नाही त्याला त्याच प्रश्नावर धरून बसू नये, तो आणखी घट्ट मिटतो. मी चहा मागवला आणि विषय सोडून दिला. सहज विचारले, "फोन बरा चालतो का?"

गुरुजी खुलले. "फार गुणी फोन. चार्ज करावाच लागत नाही! सकाळी स्नानाला जाताना वरच्या खिडकीत ठेवतो, परत येतो तर भरलेला. फक्त ते नेट तेवढं रोज लवकर खतम होतं. मुलगा फोटो पाठवतो, ते उघडतच नाहीत."

कोणी न लावता फोन आपोआप चार्ज होत नाही. आणि तो नुसता खिडकीत पडून असेल तर नेट संपतही नाही. मी गुरुजींना नमस्कार करून घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी ते घाटावर गेल्यावर मी एका महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडले. "ते स्नानाला गेलेत. सून वर तांदूळ निवडतेय. बसा, चहा टाकते." सुनेशी दोन शब्द बोलायचे आहेत म्हणून आम्ही परवानगी घेऊन वर गेलो.

तांदळाचे ताट होते, पण त्याला हात लागलेला नव्हता. खिडकीत गुरुजींचा फोन, त्याला वायर, आणि वायरीचे दुसरे टोक लॅपटॉपला. सून पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून काम करत होती. आम्हाला पाहून दचकून उठली.

"घाबरू नका," मी म्हटले. "हे काय आहे तेवढं सांगा."

"गल्लीत रेंज येत नाही, फक्त बाबांच्या फोनला या खिडकीत येते," ती म्हणाली. "फोन वायरीनं जोडून टेदरिंग चालू केलं की फोनच मॉडेम होतो. त्याचं नेट लॅपटॉपला मिळतं. हॉटस्पॉटनं बॅटरी उतरते, वायरीनं उलट फोन चार्ज होतो."

मग बाकीचे बाहेर आले. दिल्लीतली एक कंपनी पितळी वस्तू ऑनलाइन विकत असे. त्या वस्तूंची वर्णने लिहायचे काम ही करायची. सुनेने नोकरी करणे काकूंना मान्य नव्हते, म्हणून चोरून. एके दिवशी रामनगरच्या कोणा विक्रेत्याकडून आलेल्या फोटोंत तिला आपलाच दत्त दिसला.

"ओळखलात कसा?"

"कुत्र्याचं शेपूट मूर्ती घासताना माझ्याच हातून मोडलं होतं. मीच तांब्याच्या तारेनं बांधलंय."

"मग सरळ ठाण्यात का नाही आलात?"

"बाबांवर आधीच शक. त्यात सुनेच्या लॅपटॉपमध्ये मूर्तीचा फोटो! लोक म्हणाले असते, घरातूनच गेली." तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "पण मी ती विकू दिलेली नाही, साहेब. माझं वर्णन गेल्याशिवाय वस्तू विक्रीला लागत नाही. रोज कळवते, फोटो अंधुक आहे, दुसरा पाठवा. काल म्हटलं, दुकानाबाहेर उन्हात ठेवून काढा."

तो फोटो तिने दाखवला. मूर्तीमागे समोरच्या मिठाईच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येत होती. माझ्या हाताखालच्या किती शिपायांना हे सुचले असते, कोण जाणे.

जिन्यात कप वाजले. काकू चहा घेऊन उभ्या होत्या, सगळे ऐकून. "म्हणजे रोज तांदळाला एवढा वेळ लागत होता तो हा!"

त्यांच्यामागे ओल्या पंच्याने गुरुजी. "तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. एकदा लवकर परतलो तेव्हा तिला माझा फोन जोडून काम करताना पाहिलं; त्यानंच फोन भरतो नि नेट संपतं, हे मात्र कळलं नव्हतं. ती फोन मागायला संकोचायची, म्हणून मी रोज विसरल्यासारखं करून इथे ठेवून जायचो."

सुनेने तोंडाला पदर लावला. काकू दोघांकडे पाहून म्हणाल्या, "मग मलाच तेवढं परकं ठेवलंत होय?" रागावल्या होत्या, पण चहा पहिला सुनेच्या हातात दिला.

त्याच दिवशी साध्या वेशात आमची माणसे पूल ओलांडून रामनगरला गेली. मिठाईच्या दुकानासमोर भांड्यांचे दुकान होते. पोत्यामागे मूर्ती मिळाली. डावीकडच्या कुत्र्याच्या शेपटाला तांब्याची तार. पंचनामा झाला. दुकानदाराने माल आणणाऱ्याचे नाव सांगितले, मंदिरात रंगकाम करून गेलेला एक कंत्राटदार. कामाच्या दिवसांत गुरुजी सकाळी त्याच्याकडे किल्ली देत आणि ती रोज परत मिळे, म्हणून त्यांना संशय आला नव्हता; त्याने मधल्या वेळात तिची नक्कल करून घेतली होती. त्याने कबुली दिली.

मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय परत देता येत नाही. आम्ही तातडीने अर्ज केला आणि दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मूर्ती गुरुजींच्या हवाली झाली. ठाण्यातून ती निघाली तेव्हा गल्लीतली माणसे झांजा घेऊन आली होती, चहाच्या दुकानावरचेही. दीवानजी स्वतः पुढे राहून वाट करत होते, "हटो भाई, भगवान जमानत पर छूटे हैं!" मिरवणुकीत काकू भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "आमची सून कॉम्प्युटरवर नोकरी करते. चोर तिनंच पकडवला." काही बायकांना त्यांनी ते दोनदा सांगितले.

त्या प्रकरणाने माझी चौकशीची पद्धत बदलली. पोलिसाला सवय असते, गप्प माणूस दिसला की त्याच्या पोटात गुन्हा आहे असे धरून चालायची. पुष्कळदा तो असतोही. पण त्या घरात तीन माणसे होती, त्यांतली दोघे एकमेकांपासून लपवत होती, आणि लपवण्यामागे माया सोडून दुसरे काही नव्हते. निवृत्त होईपर्यंत समोर कोणी तोंड मिटून बसले की मी ‘काय लपवताय?’ असे विचारत नसे. मी विचारी, "कोणाला सांभाळताय?" त्या प्रश्नावर भलीभली माणसे बोलू लागलेली मी पाहिली आहेत.