गवतातला उंबरठा

ताईंच्या रोमन सहलीला मी सातव्यांदा गेलो, आणि शपथेवर सांगतो, नेदरलँड्समधल्या नायमेखनजवळच्या त्या माळावर मला एकदाही रोमन वीट दिसलेली नाही. दिसतं ते गवत. ताई मात्र आइंडहोव्हनहून बसभर मराठी माणसं तिथे आणतात आणि चालता चालता मधेच पाय गुडघ्याइतका उचलतात. "इथं छावणीचं दार होतं. उंबरठा तुडवू नका हं," म्हणतात. आवाज इतका हळू, की दोन हजार वर्षांपूर्वी डुलकी लागलेला पहारेकरी जागा होईल की काय, अशी भीती वाटावी.

यंदा पुण्याचे एक काका अडून बसले. लेकाकडे आलेले, उंचीला नारळाचं झाड. "ताई, गवत आमच्याकडेही उगवतं. सूप द्या, मी बसमध्ये बसतो."

सूप म्हणजे इथलं वाटाण्याचं. इतकं दाट, की चमचा त्यात सलामी देत उभा राहतो. ताईंनी थर्मास छातीशी धरला. चेहरा पडला होता. काका फिरले असते तर त्यांच्यामागे अर्धी बस फिरली असती.

"काका, घरात न येता दारातूनच जेवून जाणार?" ताईंनी विचारलं.

काका पुटपुटत निघाले. माळावर धुकं उतरलं होतं. त्यांनी पाय उचलला आणि गवतातला उंबरठा ओलांडला.

आणि कुणी सांगितलं नव्हतं, तरी वरची चौकट लागू नये म्हणून डोकंही वाकवलं.